याकूब मास्तरांची उरलेली भिंत

याकूब मास्तरांची आणि माझी ओळख साठच्या दशकातली, दुबईच्या खाडीवरची. ते रत्नागिरीचे, मी श्रीवर्धनचा सुतार. बोटीतून उतरताना त्यांनी ट्रंक माझ्या हाती दिली, कागदांची गुंडाळी मात्र छातीशी धरली. आत नुसते चौकोन होते. माणूस नाही, पान नाही, पाखरू नाही. त्यांची चित्रं आजही तशीच आहेत. त्यांच्या कलेवर या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी चौथी शिकलेला. पाहिलं तेवढंच सांगतो, तेही चुकू नये ही धास्ती आहेच.

दुबईच्या देरा भागातल्या एका अरब कापडव्यापाऱ्याने मास्तरांना आपल्या पाहुण्यांच्या दिवाणखान्याची भिंत रंगवायला दिली. मास्तरांचं इथं राहणं याच अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, शब्दावर होतं. मास्तरांचं गणित असं: प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा किंचित वळलेला, आणि भिंतीच्या टोकाला पुरा फेरा होऊन शेवटचा पुन्हा सरळ. परांची मी बांधली. शेवटचा चौकोन सरळ उभा राहिला, आणि त्याच्यापुढे हातभर भिंत कोरीच उरली.

माप दुकानाच्या मुनिमाने घेतलं होतं. कापड मोजताना हातामागे अंगठाभर जास्त सोडायची दुकानाची रीत. भिंतीलाही त्याने तसंच सोडलं, म्हणून मापात ती होती त्यापेक्षा आखूड भरली.

अरबाब हसला. "मास्टर, उधर खजूर का झाड बनाओ. खलास."

"झाड नहीं. पूरा फिर से करूंगा."

"ईद को मेहमान आएगा. नहीं हुआ तो अगला जहाज से घर जाओ."

त्याच जहाजातून भाबी, म्हणजे मास्तरांची बायको, इकडे यायच्या होत्या. मी मास्तरांच्या मागे लागलो. "काढा ना एक झाड. भाबींना काय धक्क्यावरूनच परत नेणार? कोपऱ्यात बघतो कोण?"

"मला तिथे ईदचं जेवायला बसवलं, हुसेनभाई, तर घास उतरेल का?"

सगळे मुनिमावर तुटून पडले तेव्हा मास्तर म्हणाले, "त्यांनी तर ज्यादाच दिलं. मापायला मी जायला हवं होतं." मग रेषा मारायच्या दोरीचं दुसरं टोक त्यांनी मुनिमाच्याच हाती दिलं.

सगळी भिंत खरवडली. चौकोनांचं वळण नव्याने बसवलं. रोज्यातही मास्तर परांचीवरच. मी खाली उभा राहून कुरकुरत होतो.

ईदला पाहुणे येऊन बसले, तरी शेवटचा चौकोन बाकी होता.

"यल्ला, मास्टर, उतरो," अरबाब म्हणाला.

डावीकडून एकेका चौकोनाबरोबर मान वळवत आलेले एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "अरे, उसको करने दो. मैं अभी पहुंचा नहीं."

अरबाबने कॉफी मागवली. सगळ्यांच्या देखत शेवटचा चौकोन भिंतीच्या टोकाशी सरळ उभा राहिला. मास्तर खाली आले, हात धुऊन त्याच कोपऱ्यात जेवायला बसले. जहाज आलं तेव्हा भाबी उतरल्या, आणि ते मास्तरांशिवाय परत गेलं.

आज मास्तर पंच्याहत्तरीचे झाले. शारजात अल मजाजच्या घरी मुलं "अब्बा, टेक रेस्ट" म्हणतात. त्यांच्या डोळ्यांची मलाही काळजी वाटते. पण मास्तर सकाळी पट्टी घेऊन बसतातच. अल्ला त्यांना नजर देवो, हाताला बळ देवो, आणि मनातलं काम पुरं होईपर्यंत कुणी त्यांना उतरा म्हणू नये.