जयवंताबाईंची रेवाचिनी

कोऱ्हाळ्याच्या जयवंताबाई तीस वर्षं बारामतीच्या बाजारात जडीबुटी विकत होत्या. हिमालयाकडून येणारी रेवाचिनीची पिवळी मुळी त्या चावून पारखायच्या. दाताखाली कचकचली आणि थुंकी पिवळी झाली, तरच माल घ्यायच्या.

यंदा दिग्विजय नावाचा व्यापारी रंगीत पुड्या घेऊन आला.

"मावशी, ही तुमचीच रेवाचिनी. रोज दोन चमचे घेतले की महिन्यात चरबी गायब! तुमच्या शब्दावर बाया घेतील."

"चरबी न्हाय जात, जुलाबानं अंगातलं पानी जातं. चिमूटभरच घ्यायचं औषध हाय ते."

"झाडपाल्यानं कसला आलाय अपाय?"

जयवंताबाईंनी त्याचीच पुडी फोडली, दोन चमचे पाण्यात कालवले आणि पेला त्याच्यापुढं धरला. "मग प्या तुमी. हितंच, समद्यांसमोर."

गिऱ्हाइकं गोळा झाली. दिग्विजयनं पेल्याकडं पाहिलं. "मला लांब जायचंय," तो पुटपुटला, तशा बाया खो खो हसल्या.

तो चिडला. "पुढच्या बाजारी ही जागा तुमची नाही!"

"जागा घ्या. जीभ कशी घ्याल?"

पुढच्या बाजारी त्यांच्या जागेवर खरंच त्याच्या पुड्या मांडलेल्या होत्या. जयवंताबाईंनी बरोबर समोर, भर उन्हात पोतं अंथरलं. पुडीला हात घालणाऱ्या प्रत्येकीला त्या हाक मारायच्या, "पोटुशी हायेस का गं? मूतखडा हाय का? मग शिवू नगंस!"

दुपारी दिग्विजयनं न खपलेल्या पुड्या गाडीत भरल्या. जयवंताबाई मात्र दिवे लागेपर्यंत तिथंच बसून होत्या.