वानखेडे काकांचं गिळणं

ज्यांच्या दारासमोर आपली खिडकी, त्यांचे किस्से आपल्याकडे जमणारच. त्यात माझा काय दोष? वानखेडे काका रामदासपेठच्या दवाखान्यात अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला. काका घरी आले तेव्हा आमच्या जरीपटक्याच्या गल्लीतून पहिली मीच गेले, वरणाचा डबा घेऊन!

काकांना गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी डबा दारातच अडवला. "नळीमुळे घसा गिळणं विसरलाय. पातळ काही श्वासनळीत गेलं, तर परत अ‍ॅडमिट!"

काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अडुसष्ट वर्षं गिळून राहिलो, आता मले शिकवतेत!"

*

पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करायचं. पहिल्या दिवशी माझा अंदाज चुकला आणि ग्लासात चमचा उभा राहिला.

"पाणी मांगतलं होतं वं सुनंदा, खळ नाही!"

*

कोपऱ्यावरच्या आजी सत्यनारायणाचं तीर्थ घेऊन आल्या. तीर्थाला नाही कसं म्हणणार? मी त्यातही पावडर घातली. आजी बघतच राहिल्या. "देवाले चालन का वं हे?"

काका म्हणाले, "देवाले चालन. मॅडमले विचारा!"

*

प्रत्येक घासाला हनुवटी छातीला टेकवून गिळायचं. जेवताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, मान खाली का? रागावलात का माझ्यावर?"

काकांनी घास नीट गिळला, मग मान वर केली. "राग नाही रे, खिचडी आहे!"

मुलगा हसला. मीटिंग होती, फोन ठेवला. काका थोडा वेळ फोनकडे बघत होते.

*

मॅडमचा सगळ्यात कडक नियम माझ्यासाठी होता. जेवताना कोणीतरी समोर बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही! गल्ली हसली, "सुनंदा अन् गप्प?"

पण माझंही घर दुपारी रिकामंच असतं. रोज साडेबाराला जाऊन बसायचे, तोंड मिटून. शेवटचा घास गेला की काका म्हणायचे, "बोल आता वं, पोट फुगलं असन तुझं!"

मग चांगला तासभर!

*

दोन महिन्यांनी मॅडमनी साधं पाणी दिलं. काका घोटाघोटानं पूर्ण ग्लास प्यायले. खोकला नाही, काही नाही!

"पास! आता तुमचे तुम्ही जेवा. समोर कोणी बसायची गरज नाही."

मी टाळ्या वाजवल्या. "सुटलात काका!"

काका रिकामा ग्लास हातात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. म्हटलं, जेवू दे माणसाला निवांत. साडेबाराला समोरून जोरात खोकला ऐकू आला. मग आणखी जोरात. कणकेच्या हातानं धावले!

काका टेबलाशी ताठ बसले होते. समोरची खुर्ची ओढून ठेवलेली. मेसच्या डब्याचं झाकण अजून लागलेलंच होतं.

"काहून खोकलात?"

"आलीच आहेस तं बस," काका म्हणाले, आणि मग डबा उघडला.