निरगुडीची शेवटची दुरडी

उजनी धरणाच्या पाण्याला लागून आमचं शेत. गेल्या उन्हाळ्यात भावानं तिथली निरगुडी जेसीबी लावून उपटली, ऊस करायचा म्हणून. त्या ढिगातून आईनं ओल्या काड्या वेचल्या. माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्यात रुखवतात आजीच्या हातची दुरडी लागतेच. मी सोलापुरातून रजा काढून गेले. नावाला मदत, खरं तर आईची बोलणी खायला.

बाभळीची साल आणि गंजके खिळे उकळून तिनं काड्यांची एक जुडी काळी केली. दृष्ट लागू नये म्हणून दुरडीच्या पोटावर काळी ओळ हवीच. ओळ भरून झाली आणि आईला ताप भरला. राहिला फक्त काठ. उभ्या काड्या ओल्या असतानाच वळवून खाली खोचायच्या असतात, म्हणून तिनं दुरडी कडेच्या पाण्यात पालथी घातली, वर धोंडा ठेवला आणि अंथरूण धरलं. लोक देव पाण्यात घालतात, आमच्या आईनं दुरडी घातली.

ताप उतरल्यावर दोघी गेलो, तर पाणी कुठल्या कुठं सरकलेलं. सगळ्यांच्या मोटारी ओढत होत्या, आमचीही. भेगाळलेल्या चिखलात दुरडी धोंड्याखाली वाळत पडली होती.

"दर साली हितंच ठेवत आले की मी," आई म्हणाली. "पाणी असं कवा पळालं न्हाय."

घरी आणून परत भिजवली. आईनं पहिली काडी वाकवली, ती कटकन मोडली. दुसरीही मोडली. नव्या काड्या आणायला निरगुडी उरली नव्हती.

"बाजारातनं आणू की," भाऊ म्हणाला. "लई झ्याक मिळत्यात."

आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्याचा राग आला, आमच्या मोटारीचा आला, आणि एवढा राग ठेवावा कुठं ते कळेना. बिनकाठाची दुरडी लेकीबाळींना देत नाहीत, संसार सांडतो म्हणतात. रुखवतात प्लॅस्टिकची रंगीत दुरडी मांडली. पाहुण्यांनी कौतुक केलं, मला तिच्याकडे बघवलं नाही.

परवा गावी गेले. आई दारात ती दुरडी मांडीवर घेऊन बसली होती, उभ्या काड्यांवर पाणी शिंपडत.

"लवत्याल हळूहळू," ती म्हणाली.

वाळली काडी पुन्हा लवत नाही, हे लहानपणी तिनंच मला शिकवलं होतं. मी तांब्या भरून आणून दिला.