मागून जेवणारीचा उपास

राखेच्या बुधवारी पाद्रीबाबा कपाळाला राख लावतात ती माणसाने नम्र व्हावं म्हणून. त्या वर्षी माझ्या डोक्यात मात्र तिने वाराच भरला.

ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आमच्या कोलशेतात मटण-कोंबडी बंद असे. पण खाडीकाठच्या माणसाला त्याचं काय? मटण आम्हाला सणासुदीलाच मिळे. रोजचं कालवण मासळीचं, आणि मासळीला मुभा होती. हा कसला त्याग, असं म्हणून मी मासळी सोडली, सकाळची पेज सोडली, दुपारचं जेवणही सोडलं. दिवस मावळल्यावर मीठ-भात, बस्स. शुक्रवारी पाद्रीबाबांच्या देवळात माणसं कौतुकाने चौकशी करत, तेव्हा मी मुद्दाम बारीक आवाजात बोले. घरी नाकाने कांदे सोलणं चालूच होतं. शेजारी खाडीतल्या निवट्यांचं कालवण रटरटलं तरी मी तोंड वाकडं करी.

बायको सकाळीच भात-कालवण रांधून ठेवी. मुलगी तान्ही होती, अंगावर पीत होती. आई दिवसभर मिठागरावर, भाकरी बांधून नेई.

मग मुलगी रडू लागली. आधी संध्याकाळी, पुढे दिवसभर. प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून मी बायकोवर खेकसलो. आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, तरी पोर सुकतच चाललं. एका दुपारी आई लवकर परतली आणि तिने भाताचं मडकं उघडलं. भाताला कुणाचा हात लागलेला नव्हता. बायकोने मान खाली घातली.

आई माझ्याकडे वळली. "तू जेवल्याबिगर ती कवा जेवली हाय? पोरीला दूध कुठशी येल?"

नवऱ्याआधी बायको जेवत नाही, ही आमची रीत मला काय ठाऊक नव्हती? पण माझ्यामागे ती कधी जेवते, जेवते तरी का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू जेव, मी थांबतो, म्हणून मी तिला विनवलं. ती जागची हलली नाही.

"तुमच्याआधी मी नाय जेवायची. अन् तुमचा उपास माझ्यापायी मोडाया नको," एवढंच म्हणाली.

मग मीच ताट ओढलं आणि भर दुपारी, दार उघडं असताना, बोंबलाच्या कालवणाशी भात जेवलो. कुणीतरी पाहिलंच. रविवारी देवळाबाहेर माणसं हसली, याला उपास झेपला नाही म्हणाली. खरं कारण जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर पुन्हा मीच मोठा ठरलो असतो, म्हणून गप्प राहिलो. तेवढाच काय तो माझा त्या वर्षीचा खरा उपास.

मुलगी हळूहळू सावरली. पाद्रीबाबांजवळ मी पाप कबूल केलं, तेव्हा कडक प्रायश्चित्त मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी ईस्टरपर्यंत रोज वेळेवर जेवायला सांगितलं. ते मला उपासापेक्षा जड गेलं. कारण घास घ्यायला मान वर केली की समोर ती बसलेली दिसे, माझं जेवण आटपायची वाट पाहत.