कुजबुजताईंचा मोठा आवाज

गावात कुणाचं काय चाललंय हे मला त्या माणसाच्या आधी कळतं, असं लोक म्हणतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. म्हणूनच पुढचं लिहिताना मान खाली जाते. सहा वर्षं एक अख्खं गुपित माझ्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसलेलं होतं आणि मला त्याचा वासही आला नाही. आता ज्यांचं गुपित त्यांनीच लिहा म्हणून सांगितलंय, तेव्हा लिहितो.

आमचं गाव इतर वेळी शहाण्यासारखं वागतं. उन्हाळा लागला की त्याच्या अंगात कला येते. बागेतल्या चौथऱ्यावर संध्याकाळी गाण्याची मैफल बसते आणि सकाळी भाव करताना भांडलेली माणसं तिथे एकमेकांना वाहवा देतात. शाळेच्या रिकाम्या वर्गांत चित्रांचं प्रदर्शन भरतं. गुरांचा डॉक्टर दरवर्षी सहा चित्रं लावतो, सहाही गाईंची. एकदा त्याने बायकोचं चित्र काढलं, तेव्हापासून तो पुन्हा गाईंकडे वळला. आणि धान्याच्या जुन्या गोदामात, जिथे आम्ही रंगमंच बांधलाय, तिथे नाटक होतं. वर्षाला एक नाटक, प्रयोग चार.

नाटकाचा नायक दातांचा डॉक्टर. का, तर त्याची उंची चांगली, आवाज भरदार, आणि गावातल्या निम्म्या तोंडांच्या नाड्या त्याच्या हातात. त्याला नाही कोण म्हणणार? फक्त त्याला वाक्यं पाठ होत नाहीत. आणि हे सत्तावीस वर्षं कुणाला कळलं नाही, कारण विंगेत कुजबुजताई बसायच्या.

ताई म्हणजे बटणांच्या दुकानातल्या. दुकान भावाचं, बसायच्या या. वर घरात भाऊ, वहिनी आणि वहिनीचं बोलणं. वहिनी सकाळी सुरू व्हायची ती दिवा मालवेपर्यंत. ताईंनी लग्न केलं नाही. त्यावर गावात एक कहाणी होती, की तरुणपणी त्यांचं स्थळ या दातवाल्या डॉक्टरला सांगून गेलं होतं आणि त्याने नाकारलं. कहाणी चांगली होती. मीच पिकवली होती. एका पावसाळ्यात बसून बसून कंटाळा आला होता, दुसरं काय!

तर या ताई प्रॉम्प्टर. हातात संहिता घ्यायची, नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. आवाज असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं कुणीतरी श्वास सोडला. म्हणून नाव कुजबुजताई. मी नाटकांतला कायमचा किरकोळ माणूस, पत्र आणणारा, निरोप देणारा, पहिल्या अंकात मरणारा. मलासुद्धा त्यांनी चार वाक्यांतली तीन पुरवलीत.

त्या वर्षी नाटक खुनाचं होतं. श्रीमंत म्हाताऱ्यावर विषप्रयोग होतो आणि विष कुणी दिलं हे तिसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी कळतं. म्हातारा मी. एकदा मेल्यावर दोन अंक मला विंगेत बसायचं होतं, ताईंच्या शेजारी. उकाडा असा, की मेलेला माणूस पुन्हा मरावा. म्हणून पहिल्या प्रयोगाला मी घरून टेबलपंखा आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला. ताईंनी हाताने नको नको केलं. मी म्हटलं, ‘‘संकोच कसला? तुम्हालाही हवा लागेल.’’ आणि बटण दाबलं.

तीनशे माणसं होती. शेवटचा प्रवेश आला. सगळी पात्रं डॉक्टरकडे बघतायत. धाकटी बहीण विचारते, ‘‘मग सांग ना, बाबांना विष दिलं कुणी?’’ इथे डॉक्टर एक मोठा विराम घ्यायचा. त्या विरामाचा त्याला फार अभिमान. तालमीत तो त्याच एका जागेवर महिनाभर मेहनत घेत होता. बाकीचं नाटक त्याने ताईंवर सोडलं होतं. त्याने विराम घेतला. लोक खुर्च्यांच्या काठावर आले. कुठे खोकला नाही, पोराचं रडणं नाही.

आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, ‘‘विष मी दिलं!’’

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदारालाही ऐकू गेलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘ताई, तुम्ही?’’ आणि जे हसू फुटलं, ते पडदा पडला तरी थांबेना. डॉक्टर तोंड उघडं टाकून उभा. मी ताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे पान उलटत होत्या. काय झालंय हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. मला वाटलं, वा, काय धीट बाई! सत्तावीस वर्षं आवाज नाही, आणि उठवला तो असा!

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? मी घरी जाईपर्यंत सात जणांना सांगितलं, की हा सूड आहे, नाकारलेल्या स्थळाचा. बायको म्हणाली, ‘‘अहो, ते तुम्हीच रचलेलं ना?’’ मी म्हटलं, ‘‘रचलेलं असलं म्हणून खोटं असतंच असं नाही.’’

सकाळी नऊलाच मी बटणांच्या दुकानात हजर. बारा वाजता नाटक मंडळाची बैठक ठरली होती, त्याआधी मला खुद्द ताईंच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या पाठमोऱ्या, छोट्या शिडीवर चढून वरच्या फळीवर डबे लावत होत्या.

‘‘काय ताई, डॉक्टरची चांगलीच जिरवलीत!’’

उत्तर नाही.

‘‘रागावलात? मी तुमच्याच बाजूचा आहे हो.’’

काही नाही. मला वाटलं, भाव खातायत. मी जरा पुढे सरकलो आणि माझा कोपर लागून गल्ल्याशेजारचा पत्र्याचा डबा खाली आला. पितळी बटणांचा भरलेला डबा, फरशीवर. असा आवाज झाला, की समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर धावला. बटणं चहूकडे उधळली.

ताई शांतपणे डबा सरळ करत होत्या. मान वळली नाही, खांदा हलला नाही.

मी हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. त्या आपल्या वेळेने खाली उतरल्या, चप्पल एका बटणावर पडली, मग त्यांनी खाली पाहिलं. मग बटणांवरून नजर फिरवत फिरवत माझ्या पायांपर्यंत आल्या, आणि मग तोंडापर्यंत.

‘‘कधीपासून उभे आहात?’’

‘‘बराच वेळ,’’ मी म्हटलं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नाही. मी इतकी वर्षं समजत होतो, बाई लाजाळू आहे.

त्यांनी दार लोटलं आणि स्टुलावर बसल्या. ‘‘डावा कान सहा वर्षांपूर्वी गेला. उजवा गेल्या हिवाळ्यात.’’

‘‘अगदीच?’’

‘‘अगदीच.’’

‘‘आणि घरी?’’

‘‘वहिनीला उत्तराची सवय नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी मान हलवते, तिचं भागतं.’’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ‘‘पण मग नाटक कसं...’’

‘‘नाटक मला पाठ असतं. नटाचे ओठ कुठे थांबले एवढंच बघायचं. प्रत्येकाची खूण ठरलेली आहे. विसरला की डॉक्टर खालच्या ओठावरून जीभ फिरवतो. तुम्ही भुवई खाजवता.’’

मी भुवईवरचा हात खाली घेतला.

‘‘काल विरामात त्याने जीभ फिरवली हो. घाम टिपायला असेल, मला काय ठाऊक? मी दिला शब्द.’’

‘‘शब्द दिलात ते ठीक. पण एवढ्या मोठ्याने?’’

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवली. ‘‘मला माझा आवाज ऐकू येत नाही, दादा. बोटांखाली थरथर लागली तर आवाज, नाही लागली तर कुजबुज. एका हातात संहिता, एक हात इथे. काल पानं उडत होती. दोन्ही हात संहितेवर होते.’’

माझा पंखा! तुम्हाला सांगतो, मी आजवर साताठ लग्नं मोडली असतील जिभेने, पण लाज अशी कधी वाटली नव्हती. मला बसायला दुसरं काही नव्हतं, मी सरळ बटणांत बसलो.

‘‘तुमच्या पोटात काही राहत नाही, माहीत आहे मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण एवढं ठेवा. विंगेतलं तेवढं एक स्टूल आहे मला. एरवी काय, बटणं.’’

मी शब्द दिला. मी! आणि बाराला बैठकीला गेलो.

बैठकीला मंडळाच्या अध्यक्षा मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गोदामात खुर्च्या गोल मांडलेल्या. ताई बरोबर अशा जागी बसल्या, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. माझ्या हे आज लक्षात येत होतं.

डॉक्टर उठला. ‘‘चूक झाली असती तर मी काही बोललो नसतो. सत्तावीस वर्षांत माणूस एकदा चुकतो. पण गावभर काय बोलतायत ऐकलंत ना? यांनी मुद्दाम केलं. कुठल्या तरी स्थळाचा राग! अहो, मला कधी कुणी विचारलंच नव्हतं!’’

मोठ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘ही बातमी कुठून निघाली ते मला विचारायची गरज नाही.’’

सगळे माझ्याकडे वळले. खरं सांगावं तर बाईचं गुपित जातं. गप्प बसावं तर माझ्याच थापेपायी ती दुष्ट ठरते. जन्मभर ज्या जिभेने मला अन्न गोड लागलं, ती टाळ्याला चिकटली. ‘‘त्याचं असं आहे,’’ एवढं म्हणालो आणि भुवई खाजवायला लागलो.

‘‘ताई,’’ मोठ्या बाईंनी विचारलं, ‘‘तुम्हीच सांगा. चुकून की मुद्दाम? चुकून असेल तर विषय इथेच संपला. संध्याकाळी तुम्ही तुमच्या जागेवर.’’

दार उघडं होतं. एक शब्द, ‘चुकून’, आणि स्टूल त्यांचंच. मी श्वास सोडला.

ताई उभ्या राहिल्या. दोन बोटं गळ्यावर गेली. आणि स्वच्छ, मोजक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मुद्दाम केलं.’’

मोठ्या बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. डॉक्टर खुर्चीत बसायला गेला तो काठावर बसून जवळजवळ पडलाच.

‘‘सत्तावीस वर्षं राग होता मनात,’’ ताई पुढे म्हणाल्या. ‘‘काल काढला. आता मी स्टूल सोडते.’’

आणि निघून गेल्या. डॉक्टर हळूच म्हणाला, ‘‘सत्तावीस वर्षं?’’ आणि मिशीला हात लावला. मेला खूश झाला होता!

मी धावत पायऱ्यांवर त्यांना गाठलं. मागून हाक मारणार होतो. आठवलं, म्हणून पुढे जाऊन उभा राहिलो. ‘‘अहो, वेडबिड लागलं का? स्टूल परत देत होत्या!’’

‘‘आणि आज परत ओरडले असते तर? उद्या?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हा कळलंच असतं. बहिऱ्या बाईला लोक चांगली खुर्ची देतात, हो, हो म्हणतात, आणि मग तिच्याकडे पाठ करून आपसांत बोलतात. मला पाठ वाचता येत नाही.’’ मग एक पायरी उतरून, ‘‘दुष्ट बाईकडे कुणी पाठ करत नाही.’’

ते खरं ठरलं. त्या दिवसापासून गाव ताईंशी बोलताना समोर उभं राहून, नीट, एकेक शब्द सांभाळून बोलायला लागलं. बटणं घेऊन परत जाणारी गिऱ्हाइकंसुद्धा दारापर्यंत उलटी चालत जायची. मी मात्र त्या उन्हाळ्यात चार किलोने वाळलो. गुपित पोटात ठेवलं की अन्नाला जागा उरत नाही.

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या प्रयोगाला, पहिल्या अंकात मेल्यावर लगेच स्टुलावर मला बसवलं, शिक्षाच ती. मी डॉक्टरला एकदा दुसऱ्याचं वाक्य दिलं, तेही त्याने म्हटलं. ताई तिकीट काढून चौथ्या रांगेत बसल्या होत्या. माझं मन तिकडेच. वाटलं, बाईचा जीव किती तुटत असेल, सत्तावीस वर्षांची जागा, आणि तिथे हा म्हातारा बसलाय. नाटक संपल्यावर मी भीतभीत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. डोळे खरंच भरलेले होते. चेहरा पांढराफटक.

‘‘फार वाईट वाटलं का ताई?’’

त्यांनी माझा दंड धरला. मी त्यांना एवढं हादरलेलं कधीच पाहिलं नव्हतं, डबा पडल्यावरही नाही.

‘‘दादा, मी नाटक समोरून पहिल्यांदा बघितलं,’’ त्या म्हणाल्या. गळ्यावर हात नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या चार रांगांना ऐकू गेलं. ‘‘विंगेतून एक बाजू दिसते हो माणसाची! हा डॉक्टर किती भयंकर वाईट काम करतो! आणि मी सत्तावीस वर्षं याला शब्द देत होते?’’