उंबरठ्यावरची पाठ

हल्ली माझी पाठ धरली की घरात खल सुरू होतो. एक म्हणतो हाडांचा डॉक्टर, दुसरा म्हणतो नसांचा, सून म्हणते आधी मालीश करून पाहू. मी डोळे मिटून पडते आणि त्यांचे आवाज लांब लांब जातात. त्या गुंगीत मला कापसाचा वास येतो, धामणगाव बढ्याची आमची ओसरी दिसते, आणि डाव्या तळपायाला ऊब लागते. ती ऊब कुणाची ते मला ठाऊक आहे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. मला उशाखालचा चष्मा दिसत नाही. पण पाठीत उसण भरली की पायाळूचा पाय लावायचा, ही आमच्याकडची रीत. पिंपळगाव राजाला, माझ्या माहेरी, लोक सकाळीच दारात यायचे, उंबरठ्यावर पालथे पडायचे आणि मी डाव्या पायाने त्यांची पाठ हळूच दाबायची. उसण तळव्याखाली दोराच्या गाठीसारखी लागे. उठताना कुणी हसे, कुणी कण्हे, पण "उतरलं" म्हटल्याशिवाय कुणी जात नसे. मला त्याची मोठी गंमत वाटायची.

लग्न होऊन धामणगावात आले तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले. सरकारी डॉक्टर मलकापूरला, बैलगाडीच्या लांबच्या वाटेवर. त्यामुळे दुखणं आलं की आधी घरचं औषध, मग वैद्य, आणि सगळं हरलं तरच मलकापूर, असा क्रम ठरलेला. पाठीच्या दुखण्याला तर डॉक्टर लागतो हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

माझे सासरे उंच, फार कमी बोलणारे. त्यांच्यासमोर सुनेने पदर पुढे ओढायचा, आणि अगदीच अडलं तर भिंतीला सांगितल्यासारखं बोलायचं. वर्ष होत आलं तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

कापूस वेचणीचा हंगाम ऐन भरात असताना त्यांची पाठ धरली. रुईची पानं शेकून बांधली, वैद्याचं तेल चोळून झालं, तरी ते खाटेवर तळमळत. तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "घरात पायाळू हाये अन् तुमी तेल काऊन चोळून राह्यले?"

वडीलधाऱ्याला चुकून पाय लागला तरी आपण लगेच नमस्कार करतो, आणि इथे सुनेने सासऱ्याच्या पाठीवर मुद्दाम पाय द्यायचा! माझा नवरा जमिनीकडे पाहत राहिला. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "मंधात धोतराची घडी टाकू. मंग पाय कापडाले लागते, मानसाले नाही." असली वकिली नागपूरच्या कोर्टातही टिकली नसती, पण आमच्या घराला पटली.

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते. उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि अंगणात शेजारपाजार जमला होता. सासरे उंबरठ्यावर पालथे पडले. मी देवाचं नाव घेऊन पाय उचलला, आणि तळवा पुरता टेकायच्या आतच ते म्हणाले, "बस. उतरलं."

उठलेही, अगदी ताठ. मी त्यांच्या पाया पडले. लोक "पोरीच्या पायात गुन हाये" म्हणत पांगले. मी मात्र तिथेच खुळ्यासारखी उभी राहिले. गाठ लागली नव्हती. पाठ मऊ होती, आणि घडीतूनसुद्धा तव्यासारखी तापलेली.

मग घरात पाठीचा विषयच संपला. बऱ्या झालेल्या माणसाला कोण डॉक्टरकडे नेतो? सासूबाई चारचौघींत माझं कौतुक करत आणि मला घास गिळवेना. एकदा कडबा काढायला गोठ्यामागे गेले, तर गंजीच्या आडोशाला सासरे वाकून बसलेले. एक हात बरगडीखाली, आवाज फुटू नये म्हणून उपरण्याचं टोक दातांत, अंग थंडी भरल्यासारखं थरथरत. माझ्या पायाच्या कौतुकापायी हा माणूस मरणार, असं मला वाटलं.

माझा पदर कधी मागे गेला कळलं नाही. मी सरळ त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "मामाजी, हे उसण नाही. मलकापूरले चला."

"पाठीचंच हाये. जाईल."

"पाठीचं असतं त माह्या पायाले समजलं असतं. तुमी चला, नाही त मी साऱ्याइले सांगीन."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "हाव. बैल जुंपाले सांग."

मलकापूरच्या डॉक्टरने बरगडीखाली दाबून पाहिलं, लघवी तपासली आणि मुतखडा म्हणून सांगितलं. ताप त्यानेच चढला होता. आणखी उशीर केला असता तर जड गेलं असतं, असं माझ्या नवऱ्याला बजावलं. खडा पडेपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. परतले तेव्हा सासरे वाळले होते, पण खाटेवर शांत झोपत होते.

एका संध्याकाळी मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले. आता भिंतीशी बोलायची गरज नव्हती. मी विचारलं, "मामाजी, उतरलं नोतं, मंग उतरलं काऊन म्हनलं?"

त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

"नाही म्हनलो असतो, त गाव म्हनलं असतं, सुनेनं सासऱ्याले लात मारली अन् गुनबी नाही आला. माह्यं काय पोरी, माह्यं झालं जगून. तुले या गावात जलम काढाचा होता."

मी तिथेच खाली बसले आणि पदरात तोंड घालून रडले.