बोलपट आले, इथवरच

मी मुळात संशयी. सौदीत जिझानजवळच्या एका प्लांटवर रुजू झालो तेव्हा मला ज्याच्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली, तो साताऱ्याचा गृहस्थ माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कंप्रेसरपाशी जन्म घालवलेला. पहिल्या आठवड्यातच तो मला खटकला. कोणी बोलू लागलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. साइटवर माझ्या दोन पावलं मागे असायचा. मी दुसरीकडे अर्ज केल्याची बातमी सुपरवायझरपर्यंत पोचली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की साहेबांचे कान हाच भरतो. तेव्हापासून फोनवर बोलताना मी तोंडावर हात धरू लागलो.

रोज संध्याकाळी तो लॅपटॉपवर एका अमेरिकन नटाचे मूकपट लावायचा आणि मला बळेच शेजारी बसवायचा. नटाचं चरित्र त्याला तोंडपाठ. आधी सर्कशीत कसरती, मग सिनेमात घोड्यावरून पडायची कामं, मग नायक, दारात मोटारी. पण गोष्ट दर वेळी एकाच जागी थांबायची. "बोलपट आले," म्हणायचा आणि कणीक मळायला उठायचा. पुढचं विचारलं तरी परातीत वाकून कणीक मळतच राहायचा. कुठल्या जमान्यातला नट, त्याचं हा काय लपवतोय? मला चैन पडेना.

शेवटी मीच नेटवर शोधलं. एका शूटिंगमध्ये सुरुंग फार जवळ उडाला आणि नटाचे कान गेले होते. मूकपटात ते खपून गेलं, समोरच्याचे ओठ बघून तो काम निभावायचा. बोलपटात नायिका पाठमोरी बोलली आणि हा नुसता उभा राहिला. पुन्हा त्याला कोणी बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी खिडकीकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणालो, "काका, तुमची बदली झाली." मागे पोळपाटावर लाटणं फिरतच राहिलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि पाठोपाठ भीती.

बुधवारी गॅसगळतीच्या सायरनची चाचणी असते. आमच्या टोकाला आम्ही दोघंच होतो. सायरन झाला, मी मुद्दाम मान वर केली नाही. तो माझ्याकडे बघत तसाच उभा राहिला.

खोलीवर आल्यावर मी त्याला समोर बसवून विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"सायरन झाला की तू मान वर करतोस. ते बघून मी निघतो," तो म्हणाला. "मुलीचं कॉलेजचं एक वर्ष राहिलंय. तेवढं काढू दे."

"शनिवारी मी सुट्टीवर जातोय. मग?"

"तो नवीन केरळी ऑपरेटरही मान वर करतो. बघून ठेवलंय."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी हबकलो. गॅस सुटला तर तो ऑपरेटर याच्या नजरेसमोर असेलच असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेलो. माझ्या अर्जाबद्दल त्याला त्या दुसऱ्या कंपनीनेच फोन केला होता, हेही तिथेच कळलं. काचेच्या पार्टिशनपलीकडे माझा रूम पार्टनर उभा होता. नजर माझ्या ओठांवर. माझा हात सवयीने तोंडाकडे गेला. तो मी खाली घेतला आणि हिंदीत, एकेक शब्द सुटा करत सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही.